शाबूत सील

१

इदिलने प्लास्टरला हलक्या हाताने चीर दिली, कडेचा तुकडा उचलला, आणि आतून माती निघाली.

"वरचा थर असेल," ती स्वतःशीच म्हणाली. आणखी एक तुकडा काढला. पुन्हा माती. मग तिने हातमोजे काढून फेकले आणि डबा हरवलेल्या पोरीने दप्तर उपसावं तशी दोन्ही हातांनी ती गोठून ढेकळं झालेली माती उपसत सुटली. कौलांचे तुकडे निघाले. घोड्याचा एक दात निघाला. चिलखत निघालं नाही.

कोठाराच्या दारात चौघं उभी होती. उत्खननाचे प्रमुख तुर्हान, ज्यांना सगळे होजा म्हणजे गुरुजी म्हणत, राखणदार हमदी, चहाचं तबक घेऊन आलेली त्याची बायको येतेर, आणि निगार. निगारच्या मुठीत लाखेचे तुकडे होते. दाराचं सील तिने आत्ताच, सगळ्यांच्या देखत फोडलं होतं. दोरा धड होता, लाख धड होती, लाखेवरचा शिक्का आरशासारखा स्वच्छ होता. खिडकी म्हणाल तर मांजर अडकेल एवढीच, तिलाही गज.

उत्खनन कुणाचंही असो, सरकारचा एक माणूस तिथे बसवायचा, सापडेल ती वस्तू त्याने कोठारात बंद करायची आणि दारावर शिक्का उठवायचा, असा इथला कायदा. या मोसमातला तो सरकारचा माणूस म्हणजे शहरातल्या संग्रहालयाने धाडलेली, पन्नाशी ओलांडलेली, थंडीत गुडघे कुरकुरणारी निगार. शिक्का पितळेचा. तो तिच्या गळ्यातल्या दोरीत असायचा, आणि अंघोळीलासुद्धा ती तो काढायची नाही.

"सील शाबूत आहे," तुर्हान होजा सावकाश म्हणाले. वर्गात फळ्यावर गणित मांडावं तसा त्यांचा आवाज झाला. "म्हणजे कोणी फोडलं नाही. किंवा फोडलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा लावायला शिक्का हवा. निगार हानम, शिक्का कुणाकडे असतो?"

निगारचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"मी जंदर्मांना फोन करतो," होजा म्हणाले. जंदर्मा म्हणजे खेड्यापाड्यांतले लष्करी पोलीस. "खिंड मोकळी झाली की येतील घेऊन जायला. तोवर गावाबाहेर कोणी जायचं नाही."

"जायचं कुठे, होजा?" हमदी म्हणाला. "बाहेर बर्फ कमरेला लागतंय."

येतेरच्या हातातल्या तबकात चहाचे पेले किणकिणत होते. थंडीने असेल, असं निगारला वाटलं.

२

हिसारजिक गाव रोमन किल्ल्याच्या आतच वसलेलं आहे. किल्ल्याची भिंत कुणाच्या अंगणाचं कुंपण, बुरूज कुणाचा कडब्याचा माच. पुरातत्त्वाच्या हद्दीत असल्यामुळे गावात खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते आणि ती मिळत नाही. निगार येतेरच्याच घरी राहायची. तिच्या बिछान्याशेजारी एक मोठं पातेलं होतं आणि छपरातून त्यात वर्षानुवर्षं टपटप चालू होती. दुरुस्तीसाठी हमदीने किती अर्ज केले होते, ते त्यालाच आठवत नव्हतं. प्रत्येकाला उत्तर एकच यायचं: प्राचीन अवशेषांना धक्का लागेल.

चिलखत सापडलं ते त्याच घराच्या मागच्या खड्ड्यात, जळालेल्या एका खोलीच्या जमिनीवर. लोखंडाचे छोटे छोटे खवले एकमेकांना बांधलेले, मातीच्या भाराने चपटून गेलेले. मोसम संपत आलेला. होजांना आनंदाने रडू फुटलं होतं आणि ते लपवायला ते नाक शिंकरत होते. "ही भिंत पुढे जातेय," ते हमदीच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले होते. "तुझ्या चुलीखालून. पुढच्या वर्षी तुझं घर काढायचं, हमदी! सरकार दुसरीकडे देईल की." हमदी हसला होता. येतेर हसली नव्हती.

इदिल म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं काम शिकलेली मुलगी. खवले सुटे होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कापड चिकटवायचं, भोवतालची माती कोरायची, वरून प्लास्टर द्यायचं आणि सगळा ठोकळाच्या ठोकळा उचलायचा, हा तिचा बेत. पण मोसमअखेर तिच्या पेटीत ना जाळीचं कापड उरलं होतं, ना चिकटवायचं औषध. तेव्हा तिने येतेरकडून गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून घेतली आणि तुतीची पोळी घालायचं जुनं कापड मागून घेतलं. आपल्याकडे आंबापोळी ताटात घालतात. इथे तुतीचा रस कापडावर पसरून वाळवतात. त्या कापडाला तुतीचा जांभळा डाग आणि गोडसर वास जन्माचा चिकटलेला असतो.

इदिलने कापड चिकटवलं, वाळायला ठेवलं आणि तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं, की केरीम देदे गेले. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. फावडी तिथेच टाकून पुरुष कबरस्तानात गेले, होजाही गेले. पुरुष परतले तेव्हा बर्फाची भुरभुर सुरू झाली होती आणि इदिलने घाईघाईने प्लास्टर चढवलेलं होतं. चौघांनी ठोकळा उचलला. होजा, हमदी आणि दोन शेजारी, चेहरे लालबुंद. कोठारात ठेवला, निगारने दार लावलं, लाख वितळवली, शिक्का उठवला. त्यानंतर खिंड बंद झाली, आणि तीन दिवस वाट पाहून ठोकळा इथेच उघडायला घेतला.

आता निगार जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर जाडजूड पावाची चवड होती.

"हे काय, पुन्हा पावच?" होजा वैतागून म्हणाले. "येतेर, तुझ्या त्या पातळ पोळ्या कुठे गेल्या? केरीम देदेंबरोबर पुरल्यास की काय?"

"हात दुखतोय, होजा," येतेर म्हणाली. आणि निगारच्या ताटलीत तिने न मागता लोणी वाढलं.

फाशीच्या माणसाला शेवटची इच्छा विचारतात तसं, निगारच्या मनात आलं.

३

दुसऱ्या दिवशी ती एकेकाशी बोलायला निघाली. तपास करायचा तिला अधिकार नव्हता. पण खिंडीकडून बर्फ उपसणाऱ्या यंत्राची घरघर येऊ लागली होती, आणि ती घरघर आपल्यासाठी येतेय हे कळल्यावर माणूस अधिकार शोधत बसत नाही.

होजा छपरावर सापडले. गावात फोन तिथेच लागतो.

"तुम्हाला माझ्यावर खरंच संशय आहे?" तिने खालून शिडीला धरून विचारलं.

"मला कुणावरच संशय घ्यायचा नाहीये हो!" ते वरून ओरडले. "पत्रकारांना मी बोलावून बसलोय. परवाना वाढतोय तो या चिलखतावर. ते गेलं तर माझं उत्खनन बंद. मी कशाला चोरू? सांगा ना! चार जणांनी कुथत उचललेला ठोकळा, तो काय कुणी खिशात घालून नेला? सील फोडून आत शिरायचं, प्लास्टर कापायचं, परत जोडायचं. याला सवड लागते. आणि किल्ली लागते."

"किल्ली तुमच्याकडेही आहे."

"शिक्का नाही माझ्याकडे," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला. "तेवढंच तर दुर्दैव आहे, निगार हानम. तुम्ही मला आवडता."

आवडता म्हणे. निगार शिडी सोडून निघाली.

इदिल कोठारात जमिनीवर बसून होती. डोळे सुजलेले. बाहेरगावच्या एका मोठ्या संग्रहालयात तिला नोकरी लागत होती आणि हे प्रकरण कळलं असतं तर लागली नसती.

"मीच कापड लावलं, मीच प्लास्टर केलं," ती म्हणाली. "आबला, माझ्यावर का नाही येत संशय?" आबला म्हणजे थोरली बहीण; ती आणि येतेर निगारला तसंच म्हणायच्या.

"येतोय की. रांगेत आहेस. आधी मला ते कापड दाखव."

इदिलने मातीतून निघालेलं कापड पुढे केलं. तुतीचं, जांभळ्या डागाचं. निगारने ते दोन बोटांत धरून झटकलं. माती सगळी झडून गेली आणि कापड मऊ लोंबत राहिलं.

"हे तू खळीत भिजवलं होतंस?"

"चांगलं चोपडून."

"मग कडक व्हायला हवं होतं. माती चिकटायला हवी होती."

इदिलने कापड हिसकावलं, नाकाशी नेलं, बोटांनी चुरून पाहिलं. "हे माझं कापड नाही," ती कुजबुजली. "याला खळ लागलेलीच नाही. म्हणजे मी प्लास्टर चढवलं... ते यावर? पण मी तर ठेवलं होतं तसंच... बर्फ पडत होतं, आबला, मी उचकटून नाही पाहिलं. कोण पाहील? कापड तेच, डाग तसाच."

"प्लास्टरच्या आधी तू खड्डा सोडून गेली होतीस?"

"प्लास्टर कालवायला. पाणी गोठत होतं, म्हणून आत स्वयंपाकघरात."

निगारला पहिल्यांदाच मोकळा श्वास आला. चिलखत कोठारात गेलंच नव्हतं. सील शाबूत होतं, कारण त्याच्याशी कोणाला काही घेणंच नव्हतं.

पण तो श्वास पुरा व्हायच्या आत दुसरं गणित समोर आलं. पुरुष सगळे कबरस्तानात होते. इदिल स्वयंपाकघरात. निगार स्वतः एकटी कोठारात जागा साफ करत होती. तिला तिथे पाहिलेलं कोणी नव्हतं. आणि होजा विचारणार होतेच: चार माणसांचं ओझं एकट्या बाईने कसं नेलं? म्हणजे दोघी मिळून. म्हणजे ती आणि इदिल.

पिंजऱ्याचं एक दार उघडलं होतं ते दुसऱ्या पिंजऱ्यात.

४

हमदी गाईला पाण्यावरून परत आणत होता. सारीकीझ नावाची पिवळी गाय, गावात तिच्याएवढी लाडावलेली दुसरी नाही.

"तिच्या तोंडाला काय लागलंय?" निगारने विचारलं. गाईची नाकपुडी तांबूस दिसत होती, मेंदी लावल्यासारखी.

"नटलीय," हमदी म्हणाला. "चार दिवस झाले, चारा सोडून गव्हाणच चाटत बसते. येतेर मला गोठ्यात जाऊच देत नाही, म्हणते मी बघते. चला आत, गारठाल."

घरात शिरता शिरता त्याने अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा जाडजूड कोट उतरवला आणि एका हाताने खुंटीला अडकवला. खुंटी कुरकुरली.

निगार त्या कोटाकडे बघत राहिली.

"काय झालं?" हमदी म्हणाला.

"जड आहे का रे?"

"कोट? असेल. अंगात घातल्यावर कळतंय कुठे?"

निगारला तिथल्या तिथे हसू आलं, आणि मग ते गेलं. कालपासून सगळे एका ठोकळ्याच्या मागे लागले होते. चार माणसांनी उचललेलं ओझं, कोण नेईल, कसं नेईल. ओझं मातीचं होतं. चिलखत हे ओझं नव्हतंच, तो कपडा होता. एक माणूस तो अंगात घालून दिवसभर भिंतीवर गस्त घालायचा. खवले कापडाला घट्ट चिकटलेले, खालची माती इदिलने आधीच कोरलेली. खालून एखादी रुंद, सपाट, पातळ फळी सरकवली तर एकटी बाई ते उचलून नेऊ शकेल. कापडावरून तुतीची पोळी न फाटता सोलायची सवय असलेली बाई तर सहज. मग जागेवर मातीचा तसाच ढीग करायचा आणि वरून दुसरं तुतीचं कापड पसरायचं.

रुंद, सपाट फळी. तिला जाड पाव आठवला. येतेरचा तो बैठ्या टेबलाएवढा पोळपाट, चुलीशेजारी भिंतीला टेकलेला असायचा. निगार स्वयंपाकघराच्या दारात गेली. भिंतीवर त्याच्या आकाराचा गोल, स्वच्छ डाग होता. पोळपाट नव्हता.

गोठ्यात येतेर धार काढत होती. निगारला पाहून तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले. गाईला मधेच सोडता येत नाही.

"गव्हाणीत आहे ना?" निगार म्हणाली.

दुधाची धार भांड्यात वाजत राहिली.

"वरून कडबा घातलास. पण कापड गोड, खळ गोड. ती चाटणारच. गंज तिच्या तोंडाला लागलाय, येतेर. सगळ्या गावाला दिसत होता."

येतेर उठली, ओल्या हातांनी कडबा बाजूला केला. पोळपाटावर, जुन्या रजईच्या घडीत, तो शिपायाचा कपडा निजला होता. एका कोपऱ्यात कापड चाटून चाटून उघडं पडलं होतं आणि खवले दिसत होते, माशाच्या पोटासारखे एकावर एक.

"मी विकणार नव्हते, आबला."

"माहीत आहे. विकणारी बाई सोबत पोळपाट देत नाही."

येतेर हसली आणि मग तिला रडू आलं. येतेर या नावाचा अर्थ पुरे. बापाला सातवी मुलगी झाली तेव्हा त्याने ते ठेवलं होतं. ती नाक पुसत म्हणाली, "मला वाटलं, वस्तूच नाही मिळाली तर होजा पुढच्या वर्षी येणार नाहीत. माझं घर राहील. सासू याच घरात गेली, पोरं याच घरात झाली. इथे नीट जगू देत नाहीत आणि इथून जा म्हणतात. मी कुठे जाऊ? तू अडकशील हे डोक्यातच आलं नाही गं. मला वाटलं, सील दाराला लावतात. माणसाला लागतं हे मला काय माहीत?"

बाहेर यंत्राची घरघर थांबली. खिंड उघडली होती.

५

जंदर्मांची गाडी चढावर दिसू लागली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर पोळपाट होता आणि पोळपाटावर चिलखत. निगारने कुणापासूनही काही लपवलं नाही. कोरडं कापड दाखवलं, कोट दाखवला, भिंतीवरचा गोल डाग दाखवला. गाईचं नाव निघाल्यावर होजा खुर्चीत बसले.

"गाईने चाटलं," ते म्हणाले. "सतराशे वर्षांचं चिलखत. गाईने."

"चाटलं, पण मोडलं नाही," इदिल भिंग घेऊन वाकली होती. "होजा, जरा इकडे बघा. कोठारातली ती माती गोठून तिची ढेकळं झाली होती. हे ओलं लोखंड तिच्यात असतं तर एकेक खवला तडकला असता. गोठ्यात ऊब होती. कोरडा कडबा होता. मी... मला हे सुचायला हवं होतं."

हमदी बायकोकडे बघत होता, तिला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा. "मला सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"तू हसत होतास ना," येतेर म्हणाली. "घर काढायचं म्हणाले तेव्हा."



"चोरी ती चोरीच," होजा म्हणाले. पण उठले नाहीत.

"बरोबर," निगार म्हणाली. "जे घडलं ते सगळं सांगू. मोसम संपताना सामान नसताना वस्तू उचलायला घेतली. स्वयंपाकघरातली खळ लावली. आणि खड्डा उघडा टाकून पुरुष मयतीला गेले, मीही तिथे थांबले नाही. येतेर आत जाईल. मागोमाग परवाना जाईल, इदिलची नोकरी जाईल, माझं पेन्शन जाईल. गाय तेवढी सुटेल."

बाहेर गाडीचं दार वाजलं.

"किंवा मी दुसरं खरं लिहिते. गोठण्याच्या भीतीने वस्तू उबेच्या जागी हलवली गेली, आम्हाला वेळेवर कळवलं गेलं नाही. यात खोटं एक अक्षर नाही."

"आणि त्याबद्दल?" होजांनी विचारलं. ते मुरलेले होते; किंमत असणार हे त्यांना कळलं.

"त्याबद्दल आणखी एक कागद. या घराचं छप्पर गळतंय. ते पाणी जमिनीत मुरतं आणि तुमची ती जळकी खोली याच जमिनीखालून पुढे गेलीय. प्राचीन अवशेषांना धोका. छप्पर तातडीने दुरुस्त व्हावं, आणि पाया हलू नये म्हणून घर जिथे आहे तिथेच राहावं. माझी सही, खाली तुमची. हमदीसाठी जे छप्पर मिळत नाही ते रोमन शिपायासाठी मिळेल. नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

होजांनी एकदा चिलखताकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "तुम्ही मला आवडता," ते म्हणाले, "हे मी मागे घेतो."

जंदर्मांचा अधिकारी बूट झटकत आत आला. चोरी कुठे झाली, त्याने विचारलं. होजा म्हणाले, गैरसमज झाला होता, या, चहा घ्या. तो दोन पेले चहा प्यायला, चिलखताबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि गेला.

चिलखत शहरात गेलं. हिवाळा सरल्यावर छपरावर नवे पत्रे चढले. हमदी वर ठोकत होता आणि प्रत्येक खिळा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा मारत होता. निगार संग्रहालयाची गाडी घेऊन खास बघायला आली होती.

"आबला, एक विचारू?" येतेर म्हणाली. "त्या शिपायाची हाडं कुठे सापडली? चिलखतात तर नव्हती."

"कुठेच नाहीत. खोलीला आग लागली होती, किल्ला पडत होता. त्याने अंगातून काढून टाकलं आणि पळाला असणार. एवढं लोखंड घालून खिंड चढता येत नाही."

"म्हणजे सुटला तो."

"सुटला असेल."

येतेरने खिंडीच्या दिशेने पाहिलं. मग आत जाऊन ती निगारच्या बिछान्याशेजारचं ते मोठं पातेलं उचलून घेऊन आली, नळाखाली घासून लख्ख केलं, त्यात पीठ घेतलं, आणि पोळ्यांसाठी भिजवायला बसली.